लिंक लहान करणारे एक्स्टेंशन आणि ‘कायम चालणाऱ्या’ लिंकचा दावा

व्हॉट्सॲपवर एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो: लांब लिंक पाठवणे गैरसोयीचे असते, म्हणून ब्राउझरमध्ये लिंक लहान करणारे एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकावे, लहान केलेली लिंक कायम चालते, ज्याला पाठवली त्याच्याखेरीज ती कोणालाही सापडत नाही, आणि एक्स्टेंशन अधिकृत स्टोअरमधले असल्याने धोका नाही.

गैरसोयीचा मुद्दा खरा आहे, आणि मराठीत तर तो अधिकच जाणवतो. मराठी विकिपीडियावरील ‘महाराष्ट्र’ या लेखाचा पत्ता क्रोममधून कॉपी करून कुठेही चिकटवून पाहावा. काने आणि हलन्त धरून या शब्दात संगणकाच्या लेखी १० चिन्हे आहेत; यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे दोन अक्षरे किंवा अंक अशा रूपात उतरतो, त्यामुळे एवढ्या एका शब्दाची ९० चिन्हे होतात. पण यासाठी एक्स्टेंशनच हवे असे नाही. विकिपीडियाची लिंक लहान करण्याची सोय विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेने स्वतःच दिलेली आहे. बातम्यांच्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हापासून पुढचे शेपूट बहुधा वाचक कुठून आला याचा माग ठेवण्यासाठी असते. ते काढून टाकले तरी पान सहसा उघडते. (यूट्यूबच्या नेहमीच्या लिंकवर हा प्रयोग करू नये, कारण तेथे व्हिडिओची ओळखच प्रश्नचिन्हानंतर येते.)

‘कायम चालते’ हा दावा मात्र सपशेल चुकीचा आहे. लहान लिंक म्हणजे मूळ पत्ता नव्हे; ती मधल्या सेवेच्या वहीतली एक नोंद असते आणि वही मिटली की नोंदही जाते. गुगलने २००९ मध्ये सुरू केलेली ‘गू डॉट जीएल’ ही लिंक लहान करणारी सेवा ३० मार्च २०१९ रोजी नव्या लिंकसाठी बंद झाली. २५ ऑगस्ट २०२५ नंतर जुन्या लिंकही चालणार नाहीत, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. पुढे हा निर्णय सौम्य करून वापरातल्या लिंक ठेवण्यात आल्या, परंतु २०२४ च्या अखेरीस ज्यांवर कोणाची हालचाल दिसली नव्हती त्या वगळल्या गेल्या. प्रबंधाच्या तळटीपेत किंवा संस्थेच्या स्मरणिकेत छापलेली, क्वचितच कोणी उघडणारी लिंक नेमकी याच दुसऱ्या गटात बसते. ‘डॉट एलवाय’ने संपणारे पत्ते लिबिया या देशाच्या नोंदणी संस्थेकडून मिळतात; तिने तर २०१० मध्ये ‘व्हीबी डॉट एलवाय’ या लहान लिंक बनवणाऱ्या सेवेचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे नावच, काढून घेतले होते.

‘कोणालाही सापडत नाही’ हेही खरे नाही. गुगल नकाशांच्या लहान लिंकच्या शेवटी एके काळी पाचच अक्षरे असत. इंग्रजीतील लहान-मोठी अक्षरे आणि अंक धरून त्यांच्या ९१ कोटींहून थोड्या अधिक जुळण्या होतात. माणसाला ही संख्या अफाट वाटते, पण संगणकाला ती एकामागून एक तपासता येते. कॉर्नेल टेकमधील संशोधकांनी २०१६ मध्ये अशाच पद्धतीने लोकांनी शोधलेले मार्ग आणि मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या ऑनलाइन साठवणीतील फायली उघड होत असल्याचे दाखवले. त्यानंतर गुगलने नकाशांच्या लिंकमधील अक्षरे वाढवली. घरचा पत्ता किंवा कार्यालयाचे कागदपत्र लहान लिंकने पाठवताना एवढे ध्यानात असावे.

राहिला स्टोअरचा दाखला. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे टॅब झोपवून ठेवणारे लोकप्रिय एक्स्टेंशन अधिकृत स्टोअरमध्येच होते. २०२० मध्ये त्याची मालकी बदलली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक कोड असल्याच्या कारणावरून गुगलने ते काढून टाकले. एक्स्टेंशन आपोआप अद्ययावत होत असल्याने, आज तपासून घेतलेले उद्या तेच राहील याची खात्री स्टोअर देऊ शकत नाही.

तरीही एक्स्टेंशन घ्यायचेच असेल, तर ते टाकताना येणारी परवानगीची चौकट वाचावी. लिंक लहान करायला समोर उघडलेल्या टॅबचा पत्ता पुरतो आणि तोही बटण दाबल्यावरच लागतो; सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची मुभा या कामाला लागत नाही. ती मागितली असल्यास क्रोमच्या एक्स्टेंशन पानावर संकेतस्थळांचा प्रवेश ‘क्लिक केल्यावरच’ असा मर्यादित करता येतो, आणि त्यानंतर एक्स्टेंशन चालेनासे झाले तर ते काढून टाकावे.