मिसिंग मारणारी गाडी : जतन आणि संवर्धन

सिग्नलला गाडी उभी राहिली की कप होल्डरमधल्या चहावर वर्तुळं उमटतात आणि आरशात मागचा एकच रिक्षावाला दोन-दोन दिसतो. एसी लावला की आरपीएमचा काटा ७५० वरून साडेपाचशेला येऊन गचका खातो. हिरवा दिवा लागल्यावर पाय दाबला, तर गाडी आधी विचार करते आणि मग निघते. खंबाटकी तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी आता दुसऱ्यावरही कण्हते. अशी मिसिंग मारणारी, म्हणजे एखाद्या सिलिंडरात इंधन नीट न पेटणारी, गाडी नशिबानेच लाभते. तिचं दुखणं जरा धीराने बघणारा माणूस अर्ध्या तासात ओळखू शकतो, आणि धोका आहे तो इथेच. एकदा का ती बरी झाली, की पार्किंगमध्ये बोलायला विषय उरत नाही आणि गॅरेजवाल्याशी जुळलेला घरोबा तुटतो.

उदाहरणासाठी चार सिलिंडरची, १.२ लिटरची, पेट्रोल-सीएनजी गाडी धरू. तीन सिलिंडरवाल्यांनी मनाला लावून घेऊ नये. त्यांच्या इंजिनाचा थोडासा थरथराट जन्मजात असतो आणि तो बरा करण्यासाठीही पैसे खर्च करता येतात.

सुरुवातीला कुठलंही निरीक्षण टाळा. गाडी थंड असताना मिसिंग मारते की गरम झाल्यावर, एसीने वाढतं की नाही, पाऊस पडला की जास्त होतं का, हे लक्षात ठेवलंत की अर्धं निदान झालंच म्हणून समजा. मेकॅनिकने विचारलं तर 'असंच, मधूनमधून' एवढंच सांगावं. काटा स्थिर असूनही गाडी हादरत असेल, तर इंजिन ठणठणीत असून फक्त इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटिंगचं रबर बसलेलं असू शकतं. तेव्हा काट्याकडे तर मुळीच बघू नका.

सीएनजीवाल्यांच्या हाताशी एक फार घातक बटण असतं, इंधन बदलायचं. गाडी फक्त सीएनजीवर गचके देते आणि पेट्रोलवर लोण्यासारखी चालते, असं कळलं तर संशय दोन-तीन जागांवरच येऊन थांबतो : इग्निशन (ठिणगीची यंत्रणा), गॅसचा फिल्टर, गॅस आत सोडणारे इंजेक्टर. त्यातही पहिला मान इग्निशनचा, कारण गॅसच्या मिश्रणात ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं आणि प्लगला वीज पुरवणाऱ्या म्हाताऱ्या कॉइलचं बिंग तिथे आधी फुटतं. उलट, पेट्रोलवरच त्रास असेल तर इंजेक्टर किंवा पंप. टाकीत महिनोन्‌महिने दोनशे रुपयांचं पेट्रोल ठेवून जन्मभर गॅसवर फिरल्याचा तो प्रसाद. दोन्हींवर त्रास असेल तर दोन्हींना सामाईक असलेले भाग बघायचे. फुकटात एवढी माहिती देणाऱ्या बटणाला हात लावू नये.

आता डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा. तो नुसता लागला असेल तर लवकर दाखवून घ्यायचं. तो लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडायचा, गाडी हळू बाजूला घ्यायची. असं मॅन्युअल सांगतं, म्हणून मॅन्युअल डिकीत गादीखाली असावं. लुकलुकणं म्हणजे सिलिंडरमधलं न जळलेलं इंधन थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, जातंय आणि तिथे जळतंय. आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी त्या उष्णतेने वितळते आणि एक्झॉस्टची वाटच बुजते. मग गाडी खरोखर उचलत नाही. एका कॉइलचं दुखणं कन्व्हर्टरपर्यंत पोचवायचं असेल, तर दिव्यावर गणपतीचं स्टिकर लावा आणि महिनाभर लोणावळ्याला जाऊन येऊन करा. संवर्धन म्हणतात ते हेच.

त्या महिन्यात पार्किंगमधल्या तज्ज्ञांचं मत घ्यावं. ते एकमुखाने सांगतील, 'ई-२० पेट्रोल!' (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं.) इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिसळलं की ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरावं, हा हिशोब बरोबर आहे. जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही, हेही खरं. मात्र टाकीतलं तेच इंधन एक, तीन आणि चार नंबरच्या सिलिंडरला चालतं आणि दोन नंबरलाच बाधतं, हे कसं, असं विचारून कुणाचा हिरमोड करू नका.

दिवा फारच डोळ्यात खुपला तर बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा-पंधरा मिनिटं काढून ठेवा. बहुतेक गाड्यांत दिवा जातो. सोबत बिघाडाचा कोड जातो, आणि बिघाड झाला त्या क्षणी आरपीएम किती होता, कूलंट किती तापलं होतं, इंजिनावर भार किती होता याची ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, करून ठेवलेली नोंदही जाते. चोरी झाल्यावर आधी घर झाडून-पुसून घ्यावं आणि मग पोलिसांना बोलवावं, तशातला हा प्रकार.

कोणी तरी ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, म्हणजे हे कोड वाचणारं यंत्र, आणणारच. स्टिअरिंगखाली डॅशच्या पोटात १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो. कोड वाचताना तो वाण्याची यादी म्हणून वाचावा. पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ : ऑक्सिजन सेन्सर बदला. खरं तर हा बिचारा सेन्सर फक्त निरोप्या आहे. सिलिंडरने मिसिंग मारलं की त्यातला न वापरलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये येतो, सेन्सर तो मोजतो आणि 'इंधन कमी पडतंय' असं कळवतो. ईसीयू आणखी इंधन ओततो. निरोप्याला घरी पाठवून नवा ठेवलात तर तोही तोच निरोप देईल. पण बिल होतं.

कोड पी ०३०२ असेल तर मात्र सावध राहा. दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय, असं गाडी स्वतःच्या तोंडाने सांगतेय. आता कोणी आगाऊ माणूस हे करील : इंजिन बंद, बॉनेट उघडं. दोन नंबरच्या कॉइलचा कनेक्टर काढायचा, दहा नंबरच्या पान्याने एकच बोल्ट सोडवायचा आणि कॉइल किंचित पिळून वर ओढायची. ती तीन नंबरला बसवायची आणि तिकडची इकडे. कोड पुसून गाडी फिरवून आणायची. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल दोषी, कारण दोष तिच्याबरोबर घर बदलून गेला. ०३०२ च राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल. तरीही हलला नाही, तर इंजेक्टर, वायरिंग नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). एक पैसा खर्च नाही, वीस मिनिटांचं काम. गॅरेजच्या अर्थव्यवस्थेला याहून मोठा धोका नाही. सुदैवाने दहा नंबरचा पाना कोणाच्याच घरी सापडत नाही.

प्लग काढलेच तर बघू नका. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त, ओलं आणि तेलकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. चिनी मातीवर केसासारखी काळी उभी रेघ दिसली तर ठिणगी तिथूनच पळ काढतेय. प्लगच्या विहिरीत तेल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं सील गेलंय आणि ते तेल कॉइलचं रबर खातंय. नुसती कॉइल बदलून तेल तसंच ठेवा, वर्षभरात पुन्हा भेट होईल. गॅपही नजरेनेच ठरवा. बऱ्याच गाड्यांत ती ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये, आणि मॅन्युअल कुठे आहे ते ठरलंच आहे. इरिडियमचं बारीक टोक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावं, म्हणजे लाखभर किलोमीटर चालणारा प्लग आजच संपेल. बसवताना गरम ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पहिल्या आट्यापासून पाना लावून जोर करा. हाताने अलगद फिरवत नेणाऱ्याला आटे मारल्याचा अनुभव कधीच मिळत नाही.

व्हॅक्यूम लीकचं, म्हणजे इंजिनात चोरवाटेने हवा शिरण्याचं, दुखणं फार गोड असतं, कारण ते वरून दिसत नाही. पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत नेणारी) नळी खालच्या वळणावरच चिरते. बोनेट उघडल्यावर सापाच्या फुत्कारासारखा आवाज येतो, म्हणून रेडिओ चालू ठेवा. मास एअर फ्लो सेन्सरवाल्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) गाडीत ही चोरटी हवा मोजली जात नाही, म्हणून आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने इंधनात केलेली भर-घट, अधिक १५-२० टक्के दाखवतं आणि २५०० आरपीएमला नॉर्मलच्या जवळ येतं. मॅप सेन्सरवाल्या (हवेच्या वाटेतला दाब मोजणाऱ्या) गाडीत बहुधा नुसता आरपीएम चढलेला राहतो आणि ट्रिम बरीच शहाण्यासारखी वागते. हा फरक माहीत नसलेल्याच मेकॅनिकला गाठा. नळ्या एकेक चिमटीत दाबून पाहण्याऐवजी तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर कार्ब क्लीनरचे फवारे उडवणाराही मिळाला, तर विम्याचे कागद हाताशी असू द्या.

थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ करायला सांगणारे भेटतीलच. सल्ला बरेचदा खरा असतो, पाकळीच्या कडेला कार्बनची काळी कडी जमलेली असते. तुम्ही किल्ली चालू ठेवून इलेक्ट्रॉनिक पाकळी स्क्रू ड्रायव्हरने ढकला, आतली प्लॅस्टिकची दातेरी चाकं तेवढ्यासाठीच नाजूक केलेली असतात. नीट साफ केलीत तर आयडलिंग आधी चढतं, कारण ईसीयूला अजून जुन्या मळाची सवय असते. त्याला नव्याने शिकवावं लागतं, काही गाड्यांत त्यासाठी स्कॅनर लागतो. हे न करता 'साफ केल्यावर बिघडली' असं सांगत फिरावं.

पिकअपचं निदान आणखी सोपं, म्हणून जास्त टाळावं. साठला चौथ्या गिअरवर पाय पूर्ण दाबला आणि आरपीएम उडी मारून वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय, इंजिनाचा काही संबंध नाही. पाच किलोमीटरनंतर एकाच चाकाजवळ धग लागत असेल तर ब्रेक धरून बसलाय. एअर फिल्टरचा डबा उघडू नका, पावसाळ्यात तिथे उंदराने बोनेटच्या अस्तराचा कापूस आणून बाळंतपण केलेलं असतं. आणि सीएनजीवाल्यांनी टॅपेटचं क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट, तर कधीच तपासू नये. कोरड्या गॅसवर व्हॉल्व्ह सीट झिजत जाते, क्लिअरन्स आवळत जातो, आवाज मात्र उलट कमी होतो आणि 'इंजिन किती शांत झालंय' म्हणेपर्यंत व्हॉल्व्ह जळतो.

एवढं जपूनही कंटाळा आला तर गाडी विका. गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी बॅटरीची वायर काढून लावा, इंजिन गरम करून ठेवा, एसी बंद, गाणी चालू. एखादा तरणा पोरगा स्कॅनर घेऊन येईल, कोड नाहीत पण वायर काढल्यामुळे ईसीयूच्या सगळ्या चाचण्या 'अपूर्ण' आहेत हे बघून गालातल्या गालात हसेल, एसी लावेल आणि मिनिटभर काटा न्याहाळेल. मग 'इंजिन कामाला आलंय काका' म्हणत चाळीस हजार पाडून मागेल. तुम्ही द्याल. तासाभराने दूध आणायला निघालात, की कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर तुमची गाडी बोनेट उघडून उभी दिसेल, पोराच्या हातात एका कॉइलचा खोका असेल आणि तो विचारेल, ''काका, दहाचा पाना आहे का हो?''