दोन तासांच्या बॅकअपबद्दल आमच्या दुकानाचे उत्तर

आदरणीय साहेब, सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या दुकानाला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. ऐन मार्चअखेरीस, पतसंस्थेत सभासदांची रांग लागलेली असताना लाइन गेली, त्याच क्षणी काउंटरवरचे संगणक सर्व्हरपासून तुटले आणि पाऊण तासात सर्व्हरही बंद पडला. दोन तासांचा बॅकअप सांगून आम्ही महागडा ऑनलाइन यूपीएस (लाइन गेल्यावर बॅटरीवर यंत्रे चालू ठेवणारे उपकरण) आपल्या गळ्यात मारला, असा आपला आरोप आहे. शेजारच्या मेडिकलमध्ये निम्म्या पैशांच्या इन्व्हर्टरवर चार तास काम चालते. आणि फोन करूनही आमचा माणूस वेळेवर आला नाही, असे आपले म्हणणे आहे. सभासदांसमोर आपल्याला जो त्रास झाला, त्याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.

मात्र अभिप्रायाच्या शेवटी आपण ‘दुकानदार खोटे बोलून माल विकतो’ असेही लिहिले आहे. आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी हे वाक्य वाचल्यावर उद्या एखादा दवाखाना किंवा कृषी केंद्र आमच्याकडे दर विचारायलाही येणार नाही, म्हणून त्या दोन तासांचा हिशेब येथे सविस्तर मांडणे आम्हाला भाग आहे.

दिवाळीनंतर आम्ही पाहणीस आलो तेव्हा आपल्या कार्यालयात सर्व्हर, सहा संगणक आणि इंटरनेटचा मोडेम, राउटर व स्विच (सर्व्हर आणि संगणक एकमेकांना जोडणारा डबा) एवढीच यंत्रे यूपीएसवर घ्यायची असे ठरले होते. सर्व्हरचे २०० वॅट, प्रत्येक संगणकाचे ७५ प्रमाणे ४५० आणि मोडेम-राउटर-स्विचचे मिळून ५०, असा ७०० वॅटचा भार धरून आम्ही ३ केव्हीएचा, म्हणजे साधारण २४०० वॅट भार पेलणारा ऑनलाइन यूपीएस आणि १२ व्होल्ट, २६ अँपिअर-तासांच्या (बॅटरीत किती वीज साठते त्याचे माप) आठ बॅटऱ्या सुचवल्या. आठ, बारा आणि सव्वीस यांचा गुणाकार २४९६ वॅट-तास होतो. त्याला ७०० ने भागले, तर साडेतीन तास येतात, आणि कागदावर साडेतीन तास लिहून देणारे विक्रेते आपल्याला सहज भेटले असते. आम्ही दोनच तास लिहिले, कारण बॅटरीवर छापलेले २६ अँपिअर-तास हे ती वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळतात. आपल्या भाराला बॅटरीतून आठ ते नऊ अँपिअर ओढले जातात, तेवढ्या वेगाने ती तितके देत नाही, आणि यूपीएस स्वतःही थोडी वीज खातो. दरपत्रकात ‘७०० वॅट भारावर अंदाजे दोन तास’ असे शब्द आहेत. आपल्या सहीची प्रत आपल्या दप्तरी असेलच, पण अभिप्रायात फक्त ‘दोन तास’ एवढेच आले.

मार्चमध्ये काय बदलले, तेही लिहितो. होळी झाली की आपल्या भागात कूलर बाहेर निघतात, त्यात गैर काहीच नाही. ४२-४३ अंशांत कर्मचाऱ्यांनी कूलरशिवाय काम करावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आमचा तंत्रज्ञ आला तेव्हा यूपीएसच्या बोर्डावर एक्स्टेन्शन लावून दोन मोठे कूलर आणि झेरॉक्स मशीन जोडलेले होते, आणि यूपीएसच्या पडद्यावर भार ६५ टक्के, म्हणजे साधारण १५५० वॅट दिसत होता. भार दुप्पट झाला की बॅकअप निम्मा होतो असे वाटते. प्रत्यक्षात तो निम्म्याहून कमी होतो, कारण बॅटरीतून जितक्या जोराने वीज ओढावी तितकी तिची एकूण देण्याची क्षमता घटते. १५५० वॅटवर पाऊण तास चालणे हे त्या बॅटऱ्या चांगल्या असल्याचे लक्षण आहे. झेरॉक्स आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर घेऊ नये, कारण छपाईच्या वेळी त्यांचा आतला हीटर एकदम हजार वॅटच्या आसपास झेप घेतो, हे बसवतानाच सांगितले होते आणि बोर्डावर तशी चिठ्ठीही चिकटवली होती. ती चिठ्ठी आता तेथे नाही.

काउंटर लगेच बंद पडले, त्याचे कारण तर यूपीएसमध्ये नव्हतेच. कूलरसाठी जागा करताना कोणीतरी स्विचचा प्लग काढून भिंतीवरच्या साध्या बोर्डात लावला होता. पंचवीस वॅटही न खाणारा तो डबा लाइनबरोबर मेला, म्हणून सर्व्हर आणि संगणक चालू असूनही एकमेकांना दिसेनासे झाले. नेटवर्कचा बॅकअप हा बैलगाडीसारखा आहे. सर्व्हर कितीही दमदार असला तरी जू सुटले की गाडी जागेवरच राहते.

शेजारच्या मेडिकलशी तुलना केल्याचे थोडे वाईट वाटले. तेथे एक संगणक, दोन ट्यूबलाइट आणि एक पंखा आहे, आणि त्यासाठी इन्व्हर्टर अगदी योग्य आहे. आम्हीही असे इन्व्हर्टर बसवतो. पण लाइन जाणे आणि इन्व्हर्टरने भार उचलणे यांत काही मिलिसेकंदांचा खंड पडतो. संगणकाच्या आतला पॉवर सप्लाय लाइनशिवाय साधारण पंधरा-वीस मिलिसेकंद तग धरतो, आणि इन्व्हर्टर जलद बदलाच्या यूपीएस मोडऐवजी साध्या मोडवर असेल किंवा व्होल्टेज आधीच खाली आलेले असेल, तर संगणक त्या खंडात टिकत नाही. एका बिलाचा संगणक पुन्हा सुरू झाला तर पाच मिनिटे जातात. खतावणीच्या नोंदी लिहीत असताना सर्व्हर बंद झाला तर संपूर्ण डेटा बिघडू शकतो. ऑनलाइन यूपीएसमध्ये यंत्रे कायम त्याच्याच विजेवर चालतात, त्यामुळे खंड शून्य असतो. त्यातच ओलिताच्या हंगामात आपल्या भागात व्होल्टेज किती खाली-वर होते हे आपण जाणताच. इन्व्हर्टर, लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस (व्होल्टेज सावरणारा, पण लाइन गेल्यावरच बॅटरीवर जाणारा) आणि ऑनलाइन यूपीएस असे तीनही पर्याय दरासह आपल्यापुढे ठेवले होते. निवड संचालक मंडळाने केली, आणि ती योग्यच होती असे आमचे आजही मत आहे.

माणूस उशिरा आला हे खरे आहे. आपला फोन आला तेव्हा तो महागाव-उमरखेडकडे दुसऱ्या कामावर होता, आणि मार्चअखेरीस सगळ्यांचीच घाई असते. तरी फोनवर लगेच सांगितले होते की कूलर व झेरॉक्स काढून स्विच पुन्हा यूपीएसच्या बोर्डावर घ्यावा. तेवढे केले असते, तर पुढची अडचण टळली असती.

आणखी एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर पुढच्या वर्षी तिचाही दोष आमच्याकडे येईल. बॅटऱ्या टिनाच्या छपराखालच्या कोठारात हलवलेल्या दिसल्या. या सीलबंद बॅटऱ्यांचे आयुष्य २५ अंश तापमानावर मोजलेले असते आणि त्यावर दर दहा अंशांना ते जवळपास निम्मे होते. त्या पूर्वीच्याच, पंख्याच्या खोलीत ठेवाव्यात.

सेवा अधिक तत्पर करण्याचा आमचा प्रयत्न राहील आणि हंगामात आणखी एक माणूस ठेवण्याचा विचार चालू आहे. आपल्याकडे भाराची तपासणी विनामूल्य करून देऊ. कूलरही बॅकअपवर हवेच असतील, तर त्यांच्यासाठी ट्यूब्युलर बॅटरीचा (जास्त वेळ चालण्यासाठी बनवलेली मोठी बॅटरी) वेगळा इन्व्हर्टर घ्यावा लागेल. त्याचे दरपत्रक मागितल्यास देऊ, घेण्याचा आग्रह नाही. फक्त ७०० वॅटवर यूपीएस दोन तास चालतो की नाही, हे आपल्या कर्मचाऱ्यांसमोर घड्याळ लावून एकदा पाहावे आणि चालला तर अभिप्रायातील ‘खोटे’ हा शब्द तेवढा काढावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
दुकानमालक