घरी बोलतोच की!

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे शासन निर्णय २०२५च्या जूनअखेर मागे घेतले गेले, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमधल्या आम्हा मराठी मंडळींनाही आनंद झाला. मात्र आमची मुले आपापसांत इंग्रजीच बोलतात आणि पुण्या-मुंबईतली भाचरेही इंग्रजी माध्यमातच शिकतात, हा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही. काढला असता, तर ठरलेले उत्तर मिळाले असते : मराठी काय, घरी बोलतोच की.

हेच उत्तर आमच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याच्या वायव्येला वाळवंटात राहणाऱ्या अणंगु या आदिवासी लोकांनीही एकदा दिले होते. त्यांची पिट्जंट्जाट्जारा भाषा बोलणारे जेमतेम तीन हजारांच्या आसपास आहेत. ‘येणे’ या अर्थी ‘पिट्जंट्जा’ हा शब्द वापरणारे, म्हणून हे नाव. शेजारची बोली त्याच अर्थी ‘यंकुन्ट्जा’ म्हणते, म्हणून ती यंकुन्ट्जाट्जारा. (मराठी कानाला या भाषेतले ट, ण आणि ळ ऐकून घरचे कोणी भेटल्यासारखे वाटते.) एर्नाबेला येथील मिशनच्या शाळेत १९४०पासून मुले आधी याच भाषेत लिहा-वाचायला शिकत. १९८१च्या कायद्याने एक लाख चौरस किलोमीटरांहून अधिक जमिनीची मालकी अणंगुंकडे परत आली आणि त्यानंतर दहाएक वर्षांनी त्यांच्याच शिक्षण समितीने ठरवले, की शाळेने इंग्रजी शिकवावे, भाषेचे आम्ही घरी पाहू. सरकारी कचेऱ्यांशी बरोबरीने बोलता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. तिला न्यूनगंड म्हणणे अन्यायाचे ठरेल.

शिवाय त्यांचे घर खरोखरच भाषा सांभाळणारे होते. ‘ट्जुकुर्पा’ या एका शब्दात त्यांचा कायदा, पूर्वजांच्या कथा आणि भूमीशी असलेले नाते सामावते. कोणी वारले, की त्या व्यक्तीचे नाव उच्चारत नाहीत, ‘कुन्मनारा’ म्हणतात. त्या नावासारखा ऐकू येणारा रोजचा शब्दही बाजूला ठेवून दुसरा वापरतात. त्यांचे पारंपरिक वैद्य, म्हणजे ‘ङंकारी’, इंग्रजी जाणणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर बसून मानसिक आजारांविषयी आपल्या भाषेत नेमके कसे बोलावे याचा खल करतात. आपल्याकडे हे बोलणे सुशिक्षित घरांत इंग्रजीतच होते.

असे घर असूनही शाळेवाचून भागेना. २०१९च्या राज्य धोरणात अणंगु शाळांमध्ये द्विभाषक शिक्षण परत आणण्याचे ठरले. आठ कोटींच्या मराठीची गाठ तीन हजारांच्या भाषेशी घालणे काहींना अतिशयोक्त वाटेल, आणि संख्येपुरते ते खरेही आहे. पण ‘घरी बोलतोच की’ हा दावा संख्येवर नव्हे, घरावर उभा असतो. आमच्या घरी जेवणाच्या ताटापुढे मराठी चालते. गृहपाठ, भांडण, बँक आणि डॉक्टर आले, की आम्ही नकळत इंग्रजीत शिरतो. माझी मुलगी ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणते, आणि तिला शेवटचे कधी दुरुस्त केले, ते मला आठवत नाही.