माल नाही

महापालिकेची नोटीस दर पावसाळ्याआधी येते : इमारत धोकादायक आहे, उतरवून घ्या. यंदा भावकीचं एकमत झालं. पंचवटीच्या काकांनी सही दिली, पुण्याच्या आत्तेभावानं व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा उठवला. जुन्या नाशकातला आमचा वाडा पाडायचा ठरला.

हिशोब साधा होता. वाडा पाडायला पैसे द्यावे लागत नाहीत, उलट मिळतात. तुळया, खांब, कडीपाट ठेकेदार घेऊन जातो आणि मजुरी कापून उरलेले पैसे आपल्याला देतो. आणि आमचं लाकूड तर अस्सल सागवान! पणजोबांनी सुरगाण्याच्या जंगलातून बैलगाड्यांनी आणलेलं. हे मी मुंजीच्या आधीपासून ऐकतोय.

ठेकेदार मिळाला अंबड लिंक रोडच्या एका भंगारवाल्याच्या ओळखीनं. तिथला भंगार बाजार २०१७ साली महापालिकेनंच पाडला होता, त्यामुळे या लोकांना पाडकामाचा दोन्ही बाजूंनी अनुभव.

गडी आला. भिंतींकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि माजघराच्या तुळईत खुपसला. श्रीखंडात चमचा जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

"दादा, माल नाही तुमच्याकडं."

"अहो, सागवान आहे!"

"सागवान? आंबा असंल. वाळवीनं आतून खाल्लाय."

"आंबाच आहे," मागून आवाज आला. शेजारच्या ओट्यावरचे अप्पा चष्मा पुसत थेट माजघरात आले होते. "माझे वडील सांगायचे ना, यांच्या पणजोबांना लाकूडवाल्यानं गंडवलं म्हणून. अख्ख्या गल्लीला माहितीये."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

"कसं बोलणार? तुझी आजी किती कौतुकानं सांगायची!"

अप्पांनी मग ठेकेदाराला वाडा फिरवून दाखवला. कुठली भिंत फुगली, कुठे गळतं, कुठल्या सणाला कोणत्या काकांनी कोणाशी भांडून खांबावर पाट फेकला. ठेकेदार मान डोलवत होता आणि दर खोलीगणिक आम्हीच द्यायचे पैसे वाढत होते. गल्लीत जेसीबी शिरत नाही, म्हणजे सगळं हातानं. वरून कौलं, मग वासे, मग भिंती. त्यातली एक भिंत अप्पांशी सामाईक. "माझ्या भिंतीला तडा गेला तर भरपाई पाहिजे," अप्पा म्हणाले. आतापर्यंत ते माझ्या बाजूचे आहेत असं मला वाटत होतं.

"आणि माती-विटांचा राडारोडा?" मी विचारलं.

"टाकू कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे?"

"तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता, दादा?"

पाडकामाच्या कचऱ्याचे नियम केंद्रानं २०१६ सालीच केलेत. लाकूड, माती, काँक्रीट वेगळं करा, नाल्यात टाकू नका. पण ठेकेदाराचं 'कुठंतरी' म्हणजे बहुतेक वेळा नाला किंवा नदीकाठच. मग गोदावरीचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्याशी आलं की आम्ही गंगापूर धरणाला शिव्या देतो. मी हे बोललो. ठेकेदार म्हणाला, नियमानं टाकायचं तर टेम्पोचं भाडं वेगळं.

शेवटी आकडा सांगितला. देण्याचा. माझा. वर म्हणाला, "पुढचा दरवाजा तेवढा सागाचा आहे बरं का. तो आमच्याकडं."

"दरवाजा मी घेणार," अप्पा म्हणाले. "शेजारधर्म आहे."

दोघं ओट्यावर बसले आणि माझ्या दरवाज्याचा भाव करायला लागले. मधेच अप्पांनी आत वळून हाक मारली, "अरे, चहा टाक दोन. माझा बिनसाखरेचा."