‘फौजदारी झाली नाही, म्हणजे सुटलो’ : मेडिकेअरच्या दंडाविषयी फिरणारा एक मजकूर

अमेरिकेत प्रॅक्टिस करणाऱ्या मराठी डॉक्टरांच्या आणि त्यांच्यासाठी पुण्या-मुंबईत बसून बिलिंग करणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्याचा आशय असा : मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या अमेरिकी सरकारी आरोग्य विम्याच्या, बिलांत गडबड निघाली, पण फौजदारी खटला झाला नाही, तर जास्तीचे पैसे आणि थोडाफार दंड भरला की विषय संपतो, न्यायालयाने शिक्षा न देता सोडले तर मेडिकेअरसारख्या सरकारी आरोग्य कार्यक्रमांतून बंदी लागत नाही, लागलीच तर ती डॉक्टरपुरती असते आणि पाच वर्षांनी आपोआप उठते. शेवटी अशी पुस्ती, की बिलावर उपचाराचा चुकीचा कोड टाकण्याच्या साध्या चुकीलाही हाच दंड आहे, तेव्हा जुन्या फायली उकरू नयेत.

‘थोडाफार दंड’ म्हणणाऱ्याने हाल्पर खटला पाहावा. न्यूयॉर्कमधील एका वैद्यकीय प्रयोगशाळेच्या या व्यवस्थापकाने 65 बिलांत प्रत्येकी 3 डॉलरऐवजी 12 डॉलर लावले. सरकारचे एकूण नुकसान 585 डॉलरचे होते. फौजदारी शिक्षा होऊन गेल्यावर सरकारने दिवाणी दावा लावला आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे बिलामागे 2,000 डॉलर या दराने आकडा 1,30,000 डॉलरवर गेला. इतका विषम दंड ही त्याच गुन्ह्याची दुसरी शिक्षा ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये म्हटले खरे. पण 1997 च्या हडसन निकालात न्यायालयाने ती कसोटी स्वतःच मोडीत काढली. आज फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्टखाली, म्हणजे सरकारकडे खोटी बिले लावण्याविरुद्धच्या कायद्याखाली, नुकसानीच्या तिप्पट रक्कम आणि शिवाय प्रत्येक खोट्या बिलामागे दंड लागतो. 2024 च्या दराने तो किमान 13,946 आणि कमाल 27,894 डॉलर होता. तीच 65 बिले या दराने मोजली, तर नुसता किमान दंड 9,06,490 डॉलर होतो. व्यवहारात पुष्कळ प्रकरणे याहून पुष्कळ कमी रकमेवर, सेटलमेंटने मिटतात, आणि अवाजवी दंडाविरुद्धची घटनात्मक मर्यादाही आहेच; परंतु वाटाघाटीच्या टेबलावर सरकारी वकील याच आकड्यापासून सुरुवात करतो. शिवाय दिवाणी दाव्यात ‘निःसंशय’ सिद्ध करण्याची फौजदारी कसोटी नसते. पारडे किंचित जरी सरकारकडे झुकले तरी पुरते.

पैसे भरले की विषय संपतो, हेही खरे नाही. सेटलमेंट करते न्याय खाते. कार्यक्रमातून वगळण्याचा अधिकार आहे आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाकडे. त्या कार्यालयाने करारात तो अधिकार स्पष्टपणे सोडला नसेल, तर तो शाबूत राहतो. मोठ्या संस्थांच्या बाबतीत तो सोडण्याच्या बदल्यात साधारण पाच वर्षांचा सचोटी करार पदरी पडतो, म्हणजे बाहेरच्या तपासनिसांकडून बिलांची तपासणी आणि दरवर्षी अहवाल.

सर्वांत घातक विधान शिक्षेविषयीचे आहे. सोशल सिक्युरिटी अ‍ॅक्टच्या कलम 1128 मध्ये दोषसिद्धीची व्याख्या जाणूनबुजून रुंद ठेवलेली आहे. आरोप न स्वीकारता आणि न नाकारता दिलेला जबाब न्यायालयाने मान्य केला, तरी ती दोषसिद्धी ठरते. पहिल्याच गुन्ह्याबद्दल निकाल लांबणीवर टाकून पुढे नोंद पुसली गेली, तरीही ठरते. राज्याच्या न्यायालयात ‘रेकॉर्ड साफ राहील’ या भरवशावर सही करणाऱ्याला काही महिन्यांनी महानिरीक्षकांचे पत्र येते आणि त्या पत्राच्या तारखेपासून 20 दिवसांनी बंदी लागू होते. अपील करता येते, पण अशा प्रकरणांत सुनावणी होईपर्यंत बंदी थांबत नाही. कार्यक्रमाशी संबंधित गुन्हा, रुग्णाचा छळ, आरोग्यसेवेतील गंभीर फसवणूक आणि नियंत्रित औषधांचे गंभीर गुन्हे यांत ती सक्तीचीच असते, महानिरीक्षकांना पर्याय नसतो.

पाच वर्षे ही या सक्तीच्या बंदीची किमान मुदत आहे. दुसऱ्या दोषसिद्धीला किमान दहा वर्षे, तिसरीला कायमची. परवाना गमावल्यामुळे लागलेली बंदी साधारणपणे तो परवाना परत मिळेपर्यंत चालते. आणि आपोआप काहीच उठत नाही : अर्ज करावा लागतो, आणि मंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत नाव महानिरीक्षक कार्यालयाच्या बंदी घातलेल्यांच्या यादीत राहते.

राहिला ‘डॉक्टरपुरती’ हा शब्द. बंदी घातलेल्या व्यक्तीने दिलेल्या, सांगितलेल्या किंवा लिहून दिलेल्या कोणत्याही सेवेचे पैसे, तातडीच्या सेवेचा मर्यादित अपवाद सोडता, सरकारी कार्यक्रम देत नाही. त्यामुळे अशा डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध देणारा फार्मासिस्टही अडकतो. व्यवस्थापन आणि बिलिंग यांसारखी कार्यालयीन कामेसुद्धा यात येतात, आणि इथे पुण्यातल्या बिलिंग कंपन्यांचा थेट संबंध आहे. बंदी असलेल्या माणसाला कामावर ठेवणाऱ्या संस्थेला ते ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, एवढे दिसले तरी प्रत्येक सेवेमागे दंड लागतो. 2018 च्या दुरुस्तीने त्याची मूळ मर्यादा 20,000 डॉलर झाली. यादी सर्वांना खुली असते आणि दर महिन्याला नवी होते. ती पाहताना फक्त सध्याचे नाव टाकून भागत नाही. लग्नाआधीचे आडनाव, वडिलांचे नाव मधे असलेले आणि नसलेले रूप, इंग्रजी स्पेलिंगचे फरक, हे सगळे तपासावे लागते. आपल्याकडच्या नावांत ही गोष्ट हमखास निसटते.

आता शेवटची पुस्ती. निव्वळ चूक, अगदी निष्काळजीपणाची असली तरी, फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्टखाली दंडास पात्र नाही. त्यासाठी बिल खोटे असल्याचे माहीत असणे, मुद्दाम डोळेझाक करणे किंवा बेपर्वाई दाखवणे यांपैकी काहीतरी लागते. 2023 च्या सुपरव्हॅल्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की बिल पाठवणाऱ्याला त्या वेळी स्वतःला काय वाटत होते ते महत्त्वाचे. नंतर वकिलाने शोधून काढलेला नियमाचा सोयीस्कर अर्थ त्याला वाचवत नाही. मजकुराचा सल्ला नेमका इथे उलटतो. चुकीने जास्त आलेले पैसे हा गुन्हा नव्हे, पण ते लक्षात आल्यावर दाबून ठेवणे हे 2010 च्या कायद्याने सरकारचे देणे चुकवणे ठरवले आहे. लक्षात आल्यापासून 60 दिवसांत ते परत करायचे असतात. 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या मेडिकेअरच्या नियमानुसार, प्रामाणिकपणे चौकशी चालू असेल तर ही मुदत 180 दिवसांपर्यंत थांबवता येते, मात्र त्यासाठी ती चौकशी वेळेवर सुरू झालेली असावी लागते. म्हणजे जुन्या फायली उकरण्यासाठी कायद्याने सवड दिलेली आहे. कपाट बंद ठेवणाऱ्याला ती मिळत नाही.