पालकांना पुस्तक दाखवा, पण मुलांपासून ते लपवू नका

शाळेतल्या लैंगिक शिक्षणाचा विषय निघाला की दोन्हीकडून शिक्के मारायला सुरुवात होते. विरोध करणारे पालक मागासलेले आणि शिकवू पाहणारे शिक्षक संस्कार बुडवायला निघालेले. हे शिक्षण शाळेत मिळालंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तरीही पालकांचा राग मला समजतो.

एका पालकसभेत एका वडिलांनी साधं विचारलं, "सहावीच्या मुलांना काय दाखवणार, ते आम्हाला आधी बघायला मिळेल का?" उत्तर आलं, "तज्ज्ञ येणार आहेत, तुम्ही निश्चिंत राहा." झालं! तोवर गप्प बसलेल्या आयाही उठल्या आणि पुढची सगळी सभा आरडाओरड्यात गेली. त्या स्लाइड्स तिथेच पडद्यावर लावल्या असत्या तर निम्मा विरोध जागीच मावळला असता.

अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीतही विश्वास असाच तुटला. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर पात्रांची गोष्टीची पुस्तकं शाळांत आली तेव्हा पालकांना आधी कळवलं जायचं, मुलाला त्या तासाला न बसवण्याची मुभाही होती. 2023 मध्ये ती काढून घेतली. पालक कोर्टात गेले आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला.

पण म्हणून सगळंच पालकांच्या मर्जीवर सोडायचं का? अजिबात नाही. डेन्मार्कने 1970 च्या कायद्याने सरकारी शाळांत लैंगिक शिक्षण सक्तीचं केलं. काही ख्रिस्ती पालक त्याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि 1976 मध्ये हरले. माहिती वस्तुनिष्ठपणे द्या, कुठलंही मत मुलांवर लादू नका, ही अट न्यायालयाने सरकारवर घातली. घरी आपल्या श्रद्धेप्रमाणे मुलांना वळण लावायला पालक मोकळेच राहिले. इतका सरळ निकाल असूनही आज आपण त्याच जागी भांडतोय.

माझ्या मते मूल्यं घरची असू शकतात, पण शरीराची माहिती मुलाच्या हक्काची आहे. अवयवांची नावं, नकोसा स्पर्श, 'नाही' म्हणणं, झालेलं कुणाला सांगायचं, यातून मुलाला बाहेर काढायचा अधिकार कुणालाच नको. लैंगिक अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो, कधी घरातलाच. तिथे पालकांची परवानगी लागणार असेल तर चोराच्याच हाती किल्ली दिल्यासारखं होईल. ज्या मुलाला त्या अवयवाचं नावच माहीत नाही, त्याने तक्रार कोणत्या शब्दांत करायची?

"यामुळे मुलं लवकर बिघडतील" ही भीतीही खरी ठरलेली नाही. युनेस्कोने जगभरचे अभ्यास तपासले. या शिक्षणामुळे मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळतात, असं त्यात दिसलं नाही.

इंग्लंडचा नियम मला पटतो. तिथे 2020 पासून नातेसंबंधांचं शिक्षण सर्व शाळांत सक्तीचं आहे, त्यातून मुलाला काढून घेता येत नाही. लैंगिक शिक्षणाच्या भागातून मात्र पालक सूट मागू शकतात. मूल 16 वर्षांचं व्हायला तीन सत्रं उरली, की त्याला स्वतःला शिकायचं असेल तर शाळेने शिकवायचं.

मी तर म्हणेन, तेवढंही थांबू नये. पाळी, वीर्यस्खलन, आवाज फुटणं हे सगळं त्याआधी कितीतरी वर्षं सुरू झालेलं असतं. ते सुरू होण्याआधी सांगा, आणि काय सांगणार ते पालकांना त्याच्याही आधी दाखवा.