‘न उलटणारी’ पहिली होडी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

शिडाची होडी हाकायला कसे शिकावे आणि पहिली होडी कोणती घ्यावी, या विषयावरील माझ्या लेखाला आपण पाठवलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. मूळ लेख ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी आपले आक्षेप थोडक्यात मांडतो. नवशिक्याने चार मीटरच्या आसपासच्या, एकट्याने हाकता येणाऱ्या डिंगीवर, म्हणजे लहान उघड्या होडीवर, शिकावे आणि पुढे विकत घ्यायची तरी तशीच जुनी होडी घ्यावी, असे मी लिहिले होते. हा सल्ला विशीतल्या खेळाडूंना ठीक आहे, पण पन्नाशीतल्या माणसाला पहिल्याच दिवशी पाण्यात पाडणारी होडी दिली तर तो पुन्हा या वाटेला फिरकणार नाही, असे आपले म्हणणे आहे. म्हणून पहिली होडी सहा-सात मीटरची, जड कील (बुडाखाली बसवलेले वजन), छोटी केबिन आणि इंजिन असलेली, म्हणजेच आपल्या शब्दांत ‘स्थिर, न उलटणारी’ असावी, असे आपण सुचवता. ‘गडबड झाली की शिडाचा दोर सोडून द्या’ हे माझे वाक्य आपल्याला बेजबाबदार वाटले, आणि जुनी होडी म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी विकत घेणे, असेही आपण म्हटले आहे.

यांपैकी दोराविषयीचा आक्षेप रास्त आहे आणि तेथे चूक माझी आहे, म्हणून आधी तोच घेतो.

वारा समोरून तिरका किंवा बाजूने येत असेल, तर दोर सोडल्यावर शीड निशाणासारखे फडफडू लागते, त्यातला जोर जातो, कललेली होडी सरळ होते आणि थोड्या अंतरावर जवळजवळ थांबते. नवशिक्याच्या हाती यापेक्षा चांगला ब्रेक नाही, आणि लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर हीच स्थिती होती. परंतु वारा पाठीमागून येत असताना शीड आधीच पूर्ण बाहेर सोडलेले असते. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तारांचा ताण दिलेल्या होडीत बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, त्या तारांना जाऊन टेकतो आणि त्यापुढे सरकत नाही. मग दोर सोडला काय आणि धरला काय, वारा शिडात भरलेलाच राहतो. माझी बहुतेक वर्षे आयएलसीए वर्गाच्या होडीवर गेली आहेत. पूर्वी लेझर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या होडीच्या डोलकाठीला अशा तारा नसतात, त्यामुळे दोराच्या टोकाची गाठ अडेपर्यंत बूम चक्क पुढच्या बाजूलाही जाऊ शकतो. एका होडीची सवय मी सर्व होड्यांचा नियम म्हणून लिहून टाकली. हे दाखवून दिल्याबद्दल मी आपला आभारी आहे.

पाठीमागच्या वाऱ्याविषयी आणखी थोडे लिहायला हवे, कारण नवशिक्याला सर्वांत सोपी वाटणारी आणि प्रत्यक्षात सर्वांत फसवी असणारी चाल हीच आहे. वारा 14 नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) आहे आणि होडी त्याच्याच दिशेने 5 नॉटने चालली आहे असे धरा. होडीतल्या माणसाला वारा 9 नॉटचाच जाणवतो. पाणी शांत वाटते, अंगाला ऊब लागते आणि शीड लहान करण्याची आठवणही होत नाही. मग तोच माणूस परत फिरण्यासाठी होडी वाऱ्याकडे वळवतो. आता होडीचा स्वतःचा वेग वाऱ्यात मिळवला जातो आणि जाणवणारा वारा 17 नॉटच्या घरात जातो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे शिडावरचा भार सुमारे साडेतीन पट होतो. ‘वारा अचानक वाढला’ अशी तक्रार करत परतणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या बाबतीत वारा होता तेवढाच असतो.

शिवाय वारा नेमका मागून असताना हात जरा चुकला, की तो शिडाच्या दुसऱ्या बाजूने शिरतो आणि बूम एका काठावरून दुसऱ्या काठावर डोक्याच्या उंचीवरून झपाट्याने फिरतो. यालाच अनवधानाने झालेली जाइब म्हणतात. माझ्या कपाळावरची खूण तिचीच आहे, आणि त्या दिवशी वारा जोराचा होता असेही मला म्हणता येणार नाही. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत वारा नेमका पाठीवर घेऊच नये. तो मागच्या एका कोपऱ्यावरून येईल अशी दिशा धरावी आणि नागमोडी जावे. बाजू बदलताना वारा अंगावर येतोय असे वाटले, तर जाइब न करता होडी उलट दिशेने, वाऱ्याला तोंड देत, पूर्ण वळवून घ्यावी. त्याने थोडे अंतर वाया जाते, पण डोके शाबूत राहते.

आता मुख्य मतभेदाकडे वळतो. आपण ‘स्थिर’ हा शब्द जसा वापरला आहे त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. रुंद, सपाट बुडाच्या डिंगीत पाय ठेवला तर ती फारशी हलत नाही. तिची स्थिरता तिच्या आकारातून आणि तीत बसलेल्या माणसांच्या वजनातून येते, म्हणून ती सुरुवातीला भरपूर असते आणि एका कोनानंतर एकाएकी संपते. कीलच्या होडीचे गणित वेगळे आहे. तिच्या एकूण वजनाचा साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, पाण्याखाली शिशाच्या किंवा लोखंडाच्या रूपात लटकत असतो. ती वाऱ्याच्या पहिल्याच झोतात चटकन कलते, नवख्या माणसाला घाबरवतेही. परंतु जसजशी कलते तसतसे ते वजन तिला परत ओढू लागते. उलटण्याची भीती ज्याला घालवायची आहे त्याने कीलची होडी घ्यावी, हे आपले म्हणणे इथपर्यंत मला मान्य आहे.

पण तेच वजन दुसऱ्या बाजूने पाहा. हवाबंद कप्पे शाबूत असलेली डिंगी उलटली तरी तरंगत राहते आणि तिला धरून माणूसही तरंगतो. कीलची होडी सहसा उलटत नाही, पण तिच्यात पाणी भरले आणि तरंगण्यासाठी वेगळी सोय केलेली नसेल, तर तेच शिसे तिला तळाशी नेते. आणखी एक गोष्ट धक्क्याला लागताना कळते. साठ किलोची डिंगी चुकीच्या वेगाने आली तर हाताने थोपवता येते. टनभर वजनाच्या होडीला तसे थोपवायला जाणाऱ्याची बोटे होडी आणि धक्का यांच्यामध्ये चिरडतात. आपण इंजिनाला सुरक्षिततेचे साधन म्हटले आहे. नवशिक्याच्या बाबतीत ते पुष्कळदा शीड न शिकण्याचे साधन ठरते. वारा तिरका झाला की चावी फिरवायची, हे ज्याच्या हाताला वळण पडले, त्याला दोन वर्षांनंतरही वाऱ्याकडे कसे चढायचे ते नीट येत नाही.

छोट्या होडीविषयीचा माझा आग्रह मर्दुमकीतून आलेला नाही. ती चूक लगेच दाखवते, एवढेच त्याचे कारण आहे. दोर बोटभर जास्त ओढला की वेग पडलेला कळतो, मागे सरकून बसले की मागच्या कडेला पाणी खळखळू लागते, आणि सुकाणूचा दांडा जोराने ओढत असेल तर होडी जास्त कलली आहे हे हाताला समजते. मोठी होडी याच चुका पोटात घालते. तीत चार महिने चुकीच्या जागी बसले तरी कोणी काही बोलत नाही, होडी तर नाहीच नाही.

वयाविषयीचा आपला मुद्दा मात्र मी लेखात पुरेसा विचारात घेतला नव्हता. 1971 साली बाजारात आलेली लेझर मुळातच काठावर बसून, पोटाच्या आणि मांडीच्या स्नायूंवर शरीर बाहेर तोलून हाकण्याची होडी आहे. ज्याचे गुडघे कुरकुरतात त्याला ती द्यायची नाही, हे मी स्पष्ट लिहायला हवे होते. एकाच सांगाड्यावर 7.06, 5.76 आणि 4.7 चौरस मीटर अशी तीन मापांची शिडे लावता येतात, हेही लिहायचे राहिले. हलक्या वजनाच्या माणसाने पूर्ण शिडावर शिकायला जाणे म्हणजे पहिल्याच धड्यात जोरदार वाऱ्याशी झटापट करणे होय. पन्नाशीतल्या नवशिक्याला, विशेषतः सोबत कोणी येणार असेल तर, मी आज इयान प्रॉक्टर यांनी 1957 मध्ये आखलेली वेफेअरर किंवा जॅक होल्ट यांची जीपी14 यांसारखी होडी सुचवीन. त्यांत काठावर लोंबकळावे लागत नाही, आत बसता येते, सोबत्याला जागा असते आणि वारा वाढला तर शीड गुंडाळून लहान करता येते. 4.82 मीटरच्या वेफेअररमधून फ्रँक डाय 1963 मध्ये स्कॉटलंडहून थेट आइसलंडला गेले होते. हा दाखला अनुकरणासाठी देत नाही, त्या आकारात किती क्षमता आहे एवढेच सांगायचे आहे. तिचा तोटाही सांगतो. नुसता सांगाडाच 169 किलोचा आहे, त्यामुळे पाण्याबाहेर एकट्याने ओढता येत नाही, आणि ज्याला सोबती मिळत नाही त्याची होडी आच्छादनाखालीच राहते. घरात दहा वर्षांचे मूल शिकणार असेल तर हा वादच उरत नाही. 2.3 मीटर लांबीची आणि 35 किलोची ऑप्टिमिस्ट क्लार्क मिल्स यांनी 1947 मध्ये मुलांसाठीच आखली होती.

उलटण्याची भीती घालवण्याचा माझ्या माहितीतला उपाय एकच आहे: कमी वाऱ्यात, उथळ नसलेल्या पाण्यात, अंगावर तरंगते जाकीट घालून आणि शेजारी मदतीची बोट उभी ठेवून होडी मुद्दाम उलटवणे. आधी सोबती वर आला आहे ना ते पाहायचे. होडी कधीही सोडायची नाही, कारण वारा तिला पोहणाऱ्यापेक्षा वेगाने दूर नेतो. शिडाचा दोर मोकळा करून होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्याकडे फिरवून घ्यायचे. ही पायरी गाळली आणि डोलकाठी वाऱ्याच्या बाजूला पडलेली असली, तर शीड पाण्याबाहेर येताच वारा त्याच्याखाली शिरतो आणि होडी आपल्याच अंगावर पुन्हा पालथी होते. मग बुडातून बाहेर आलेल्या फळीवर, टोकाशी नव्हे तर मुळाशी, वजन टाकून मागे झुकायचे. हे सगळे चार-पाच वेळा करून पाहिल्यावर ‘पाण्यात पडणे’ हा अपघात न राहता एक काम होऊन बसते. पन्नाशीतली माणसे हे शिकताना मी पाहिली आहेत. फळीवरून आत चढणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी दोघांच्या होडीत एकाने आतल्या बाजूला आडवे तरंगत राहायचे असते. दुसरा होडी उभी करतो तेव्हा आतला माणूस तिच्यासोबतच उचलला जातो.

जुन्या होडीविषयी आपला अनुभव कडू असणार हे प्रतिक्रियेच्या सुरावरून जाणवले. माझाही आहे. एकाने ‘फक्त दोन हंगाम वापरलेली’ म्हणून विकलेली होडी मी पारखून न घेता उचलली. तिसऱ्याच दिवशी ती एका कुशीवर जड होऊ लागली, उलटली, आणि सरळ झाली तरी काठापर्यंत पाण्यात बसलेली राहिली. डोलकाठी ज्या खाचेत उभी राहते तिच्या तळाला तडा होता. ती खाच पाण्याने भरून दहा मिनिटे नुसते पाहिले असते, तर पातळी उतरताना दिसली असती. तेव्हापासून मी ही परीक्षा केल्याशिवाय पुढे बोलत नाही. डेकवर टाचेने दाबून मऊ जागा शोधतो, होडी वजनकाट्यावर ठेवता आली तर ठेवतो, कारण आत मुरलेले पाणी रंगाखाली लपते पण काट्यावर लपत नाही. तारांवरून फडके फिरवतो. तुटलेला धागा असेल तेथे ते अडकते. शिडाचे कापड ठीक दिसले तरी शिवण नखाने ओरबाडून पाहतो, कारण ऊन तिला आधी खाते. एवढे पाहून घेतलेली जुनी होडी नवशिक्याला नव्यापेक्षा बरी, कारण पहिल्या वर्षी ती धक्क्यावर आपटणारच असते.

नियम आधी पाठ असावेत, या आपल्या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे. शिडाच्या दोन होड्या समोरासमोर आल्या आणि त्यांना वारा वेगवेगळ्या बाजूंनी लागत असेल, तर ज्या होडीला तो डावीकडून लागतो तिने वाट सोडायची. दोघींना एकाच बाजूने लागत असेल तर वारा येतो त्या बाजूच्या होडीने सोडायची. समुद्रात टक्कर टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला बारावा नियम मुख्यतः एवढाच आहे, आणि तो पाण्यावर उतरण्यापूर्वी यायलाच हवा.

शेवटी आपण विचारले आहे की, शिक्षकाशिवाय पहिल्यांदा बाहेर पडायला कोणता दिवस निवडावा. वारा 5 ते 8 नॉटचा असावा. पाण्यावर जागोजाग पांढरा फेस दिसू लागला, तर तो 10 नॉटच्या पुढे गेला आहे असे समजून थांबावे. मात्र वेगाइतकीच दिशाही पाहावी. किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहणारा वारा काठावर उभे राहिलेल्याला मंद वाटतो, कारण झाडे आणि इमारती तो अडवतात, लाटाही उठलेल्या दिसत नाहीत, आणि दोनशे मीटर आत गेल्यावर तोच वारा पूर्ण जोराने होडीला आणखी आत ढकलू लागतो. तसा वारा असेल त्या दिवशी होडी ट्रॉलीवरच राहू द्यावी. दोर सोडण्याविषयीचे ते वाक्य मी मूळ लेखात दुरुस्त केले असून, दुरुस्ती आपल्या प्रतिक्रियेमुळे झाल्याची नोंद त्याखाली केली आहे.